घरी सांगण्याआधी ऑनलाइन कुणाशी बोलू? (वय १७, पुणे)

धायरी_१७

मी बारावी सायन्सला आहे. मुलगा आहे आणि मला मुलंच आवडतात, हे आठवीपासून माहीत आहे. अजून कुणालाच सांगितलेलं नाही. वन बीएचकेमध्ये आई-बाबा, आजी आणि मी. मी हॉलमध्ये आजीच्या कॉटशेजारी झोपतो, म्हणून बोलता येत नाही, टाइप तेवढं करता येतं.

मागच्या महिन्यात रात्री हेडफोन लावून यूट्यूबवर एक व्हिडिओ बघितला, एका मुलाने आईला कसं सांगितलं त्याचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबांनी टीव्ही लावला तर पहिल्याच ओळीत तसलेच चार व्हिडिओ. टीव्हीला माझंच अकाउंट आहे हे लक्षातच नव्हतं. आई मटार सोलत होती. तिचा हात क्षणभर थांबला असं मला वाटलं. बाबांनी काही न बोलता बातम्या लावल्या. त्यांनी वाचलं का नाही, आजपर्यंत कळलेलं नाही. तेव्हापासून काही शोधायचीच भीती वाटते.

क्लासमध्ये एका मुलाला 'मीठा' म्हणून चिडवतात. सगळे हसतात, मीही हसतो, आणि मग घरी जेवण जात नाही.

आता इन्स्टावर एक जण बोलतो. २४ वर्षांचा आहे म्हणतो. खूप समजून घेतो, पण फोटो मागतोय आणि एकट्याला भेटायला बोलावतोय. जाऊ का? नाही तर बोलायचं कुणाशी? आणि घरी लवकर सांगायलाच हवं का?

पेठेतला_दादा

जाऊ नकोस रे. फोटोही पाठवू नकोस. बाकीचं नंतर, आधी हे.

मी १८ वर्षांचा होतो, साल २००५. अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका सायबर कॅफेत प्लायवूडच्या खोपटात बसून याहूच्या चॅटरूममध्ये जायचो. पुस्तकं घ्यायला आलो असं घरी सांगायचो आणि उठण्याआधी हिस्टरी पुसायचो. तिथे एक जण असाच समजून घेणारा भेटला. डेक्कनजवळच्या बागेत बोलावलं, आणि आले तिघं. घड्याळ गेलं, क्लासच्या फीचे पैसे गेले, वर 'घरी सांगू' ही धमकी. तेव्हा समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम होतं, त्यामुळे चौकीत जायचं म्हणजे स्वतःवरच गुन्हा ओढवून घ्यायचा असं वाटायचं. दोन वर्षं मी कुणाशी बोललो नाही.

तुझ्या वेळी तसं नाही. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांपुरतं ते कलम रद्द केलं. तू १८ च्या आतला आहेस, तुझ्याकडून तसले फोटो मागणारा माणूस पॉक्सो कायद्यात, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्यात सापडतो. त्याने धमकी दिलीच तर पैसे देऊ नकोस, चॅट पुसू नकोस, स्क्रीनशॉट ठेव आणि १०९८ ला फोन कर. ती मुलांसाठीचीच हेल्पलाइन आहे. डेटिंग ॲपवर वय खोटं टाकून जाऊ नकोस. तिथे तुला आधार नको असतो, मोठ्या माणसांना तू हवा असतोस.

आता टीव्हीचं. टीव्हीवरून तुझं अकाउंट काढ, हिस्टरी पुसून बंद करून टाक. वाचण्या-बघण्यासाठी वेगळा ईमेल काढ, त्यात खरं नाव नाही, फोटो नाही. इन्स्टाला तुझा नंबर जोडू नकोस, कॉन्टॅक्टही देऊ नकोस. माझ्या एका मित्राचं गुपचूप काढलेलं अकाउंट नंबरमुळेच त्याच्या मावसभावाला सुचवलं गेलं होतं. व्हॉट्सॲप ग्रुप तर अजिबात नको, तिथे प्रत्येकाला नंबर दिसतो. टोपणनावाने लिहिता येतं अशाच जागी बस. आणि महिनाभर नुसतं वाच, लगेच बोललंच पाहिजे असं नाही. जिथे कुणी घाई करत नाही, पर्सनलमध्ये ये म्हणत नाही, ती जागा बरी.

मला बाहेर काढलं ते मराठी अक्षरांनी. बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये पुण्यात आपल्यासारख्यांसाठी समपथिक ट्रस्ट ही संस्था सुरू केली. ते या विषयावर मराठीत लिहायचे. 'समलिंगी' हा शब्द शिवी म्हणून न वापरता छापलेला मी पहिल्यांदा तिथे पाहिला. मी बसस्टॉपवर उभ्या उभ्या ती पानं वाचली, दोन बस सोडल्या.

घरी सांगायची तारीख तू ठरवायची. बारावी आहे, फी घरचे भरतात, झोपायला तेच घर आहे. थांबणं म्हणजे खोटेपणा नव्हे. मी २७ व्या वर्षी सांगितलं.

कोथरूडची_आई

बाळा, माझ्या मुलाने २१ व्या वर्षी सांगितलं. मी पहिल्या आठवड्यात त्याला डॉक्टरांकडे ओढत नेलं. त्यांनी त्याला बाहेर बसवलं आणि मलाच समजावलं, की जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० लाच हे आजारांच्या यादीतून काढलं आहे, औषध कशावर देऊ? पुढे २०२२ मध्ये असं 'बदलून देण्याचे' उपचार करणं हे डॉक्टरांसाठी गैरवर्तन ठरवलं गेलं. कुणी तुला 'बरं करतो' म्हणालं तर हे लक्षात ठेव.

नंतर कळलं की तो दोन वर्षं रात्री ऑनलाइन एका ताईशी बोलायचा. मला आधी राग आला, परक्या बाईला सांगितलं आणि मला नाही. आता तिचे उपकार वाटतात. पुढे कधी आई-बाबांना सांगशील तेव्हा 'स्वीकार' नावाचा पालकांचा गट आहे हे त्यांना सांग. २०२३ मध्ये लग्नाच्या हक्कासाठी ४०० हून जास्त आई-बापांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं होतं. आमच्यासारखे बरेच आहेत.

फार जड झालं, जिवाचं बरंवाईट मनात आलं, तर १४४१६ लाव. टेलिमानस म्हणतात, सरकारी आहे, फुकट आहे, रात्रीही मराठीत बोलतात. आणि जेवत जा रे.

धायरी_१७

दादा, त्याला ब्लॉक केलं. त्याआधी त्याने तीनदा लिहिलं, 'एक फोटो पाठवायला काय होतं?' स्क्रीनशॉट ठेवलेत. टीव्हीवरचं अकाउंट बदललं, बाबांना म्हणालो अभ्यासाचे व्हिडिओ वेगळे हवेत.

काकू, काल वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेलो आणि टाकीमागे उभा राहून १४४१६ लावला. पलीकडे एक ताई होत्या. 'मी गे आहे' हे मी पहिल्यांदा मोठ्याने म्हणालो, तेही इतकं हळू की त्यांनी 'जरा परत सांगता का?' विचारलं. परत सांगितलं. खालून आजीची हाक आली म्हणून ठेवावा लागला. शनिवारी आजी देवळात जाते, तेव्हा परत करणार आहे.