संधिवात: फिजिओनं विचारलं "तुम्हाला काय साधायचंय", काय लिहून नेऊ?

भाकरीवाली_अक्का:
नमस्कार मंडळी. मी सोलापूरची, वय 46, रुमॅटॉइड आर्थरायटिस (संधिवात) आहे. त्याची मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदा चालू आहे, सीआरपी (अंगातली सूज दाखवणारी रक्ताची तपासणी) बराच खाली आलाय त्यामुळे डॉक्टर खूश आहेत, पण सकाळी बोटं अजून आखडतात, मूठ वळत नाही. म्हणून फिजिओकडे पाठवलं तर तिथल्या मॅडमनी पहिलाच प्रश्न टाकला, यातून तुम्हाला काय साधायचंय? मी म्हणलं दुखायचं थांबू दे. त्या म्हणाल्या ते बघूच, पण तुम्हाला परत काय करता यायला पाहिजे ते घरी विचार करून लिहून आणा. तेव्हापासून मनात एकच येतंय की मला ज्वारीची भाकरी थापायचीय. घरचे म्हणतात विकत मिळते की, कशाला जिवाला ताप. पण माझ्या हातची भाकरी ती माझ्या हातची, ते मला सोडवत नाही. दवाखान्यात असलं सांगायचं असतं का? का "हाताची ताकद वाढवणे" असं काहीतरी लिहू?

फिजिओ_जुळे_सोलापूर:
ताई, भाकरीच लिहा. ताकद किती वाढवायची, मनगट किती वळलं पाहिजे हे आमचं काम, ते आम्ही भाकरीवरून काढतो. आता एक करा, भाकरीचे तुकडे पाडा. पीठ मळताना दुखतं का थापताना, का परातीतून उचलून तव्यावर टाकताना? बऱ्याच जणींना मळतानाच त्रास जास्त होतो, पीठ कडकडीत पाण्यानं उकड काढून घेतलं की मऊ पडतं आणि जोर कमी लागतो. थापताना बोटं करंगळीच्या बाजूला ढकलली जातात, संधिवातात सांधे मुळातच तिकडं झुकायला लागतात, म्हणून बोटांवर भार न देता सपाट तळव्यानं थापायचं. तवा उचलायचा तर दोन्ही हातांनी.

मग माप ठरवा. "भाकरी जमली पाहिजे" एवढ्यानं कळत नाही, "तीन महिन्यांत सकाळी दोन माणसांच्या भाकऱ्या, मधे एकदा थांबून" असं लिहा. गोल अटेनमेंट स्केलिंग म्हणून एक पद्धत आहे, 1968 मध्ये किरेसुक आणि शर्मन यांनी मांडलेली. ठरवलं तेवढं जमलं तर शून्य, जास्त जमलं तर अधिक एक, अधिक दोन, कमी पडलं तर उणे एक, उणे दोन. यात चांगलं हे की ठरवल्यापेक्षा थोडं कमी जमलं तरी ते कागदावर दिसतं, सगळं वाया गेलं असं वाटत नाही.

मागावरचा_दादा:
अक्का मला अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस आहे, म्हणजे पाठीचा संधिवात. टॉवेलच्या कारखान्यात मागावर उभं राहायचं काम, तार तुटली की वाकून जोडायची, सकाळी तर कंबर लाकडासारखी असते आणि हालचाल केली की मोकळी होते, नुसतं पडून राहिलं की उलट जास्त धरते. मला विचारलं तेव्हा मी म्हणलं गड्ड्याच्या, म्हणजे आपल्या सिद्धेश्वर यात्रेच्या वेळी नंदीध्वजांच्या मिरवणुकीत चालायचंय. 68 लिंगांची पूर्ण वाट नाही, एक टप्पा ठरवलाय. त्यासाठी रोज सिद्धेश्वर तलावाकडं चालतो, आणि खरं सांगतो, नुसतं "व्यायाम करा" म्हणलं असतं तर मी पहाटे उठलोच नसतो. तुमच्या घरच्यांना सांगा की ही हौस नाही, औषधाइतकीच गरज आहे.

पूर्वभाग_लेक:
काकू, माझी आई विड्या वळायची, तिलाही तुमचाच आजार. आम्हा भावंडांचं म्हणणं होतं आई जिना चढली पाहिजे. फिजिओनी आमच्याकडं न बघता तिलाच विचारलं, तर ती म्हणाली मला ब्लाउजचे हूक माझे मला लावायचेत, सुनेला हाक मारावी लागते. आम्ही गप्पच झालो. जिना तिच्या यादीतच नव्हता. मग मोठ्या बटणांचे ब्लाउज शिवून घेतले आणि बोटांचा व्यायामही चालू ठेवला, आता वरची दोन बटणं सोडून बाकी ती स्वतः लावते. तेव्हा काकू, घरचे काय म्हणतात ते ऐका पण वहीत तुमचंच लिहा.

भाकरीवाली_अक्का:
वाचून डोळे भरून आले ओ. लिहिलं मी, रविवारी सकाळी दोन भाकऱ्या, उकड काढून. एक विचारायचं राहिलं, ज्या दिवशी बोटं सुजून गरम होतात त्या दिवशी काय करू? त्या दिवशी सोडलं की परत धरवत नाही मला.

फिजिओ_जुळे_सोलापूर:
त्या दिवसासाठी वहीत वेगळी ओळ आत्ताच लिहून ठेवा. सांधा गरम आणि सुजलेला असताना ताकदीचा व्यायाम नाही, थापणं नाही, फक्त बोटं हलकेच उघडझाप करायची, जेवढी जातील तेवढीच. घरात कडक भाकरी आणून ठेवा आणि त्या दिवशी ती आमटीत कुस्करून खा. एरवीच्या दिवसांना एक खूण लक्षात ठेवा, काम झाल्यावर दोन तासांनीही आधीपेक्षा जास्त ठणकत असेल तर त्या दिवशी जास्त झालं, पुढच्या वेळी एक भाकरी कमी. आणि सूज काही दिवसांत उतरली नाही तर माझ्याकडं किंवा मॅडमकडं नाही, आधी संधिवाताच्या डॉक्टरांकडं जायचं, गोळ्या मात्र मनानं वाढवायच्या नाहीत, मेथोट्रेक्सेट तर अजिबात नाही.