मदत हवी आहे: बाबांच्या लायसनचं रिन्युअल अडकलंय

नमस्कार मंडळी, आम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या सीमाभागातले, बाबा 58 वर्षांचे, दुधाची गाडी त्यांची स्वतःची. लायसन संपून 10 महिने झालेत, आमचंच लक्ष नव्हतं. 1 वर्ष उलटलं की परत ड्रायव्हिंग टेस्ट द्यावी लागते, म्हणून आता जीव टांगणीला लागलाय.

सारथी पोर्टलवर फॉर्म भरला, फी भरली, चाळिशीच्या वरच्यांना लागतं ते डॉक्टरचं सर्टिफिकेट म्हणजे फॉर्म 1ए पण अपलोड केलं. तरी आरटीओत दोनदा जाऊन आले, पहिल्यांदा सर्व्हर डाऊन, दुसऱ्यांदा डॉक्टरचा शिक्का नीट दिसत नाही, उद्या या म्हणून सांगून परत पाठवलं. खिडकीवर सगळं कन्नडमधनं सांगतात, बाबांना बाजारापुरतं कन्नड येतं पण हे कागदाचं कन्नड कळत नाही, विचारायला गेलं की मागची लाईन ओरडते, आणि बाहेर एजंट उभेच, फीच्या कितीतरी पट मागतात. चाळीस वर्षं गाडी चालवलेला माणूस तिथनं गप्प होऊन घरी येतो हे मला बघवत नाही.

तर कुणी एजंटशिवाय रिन्युअल केलंय का इतक्यात? शिक्क्यासाठी नवीन फॉर्म अपलोड करायचा की तोच कागद हातात नेला तर चालतो? आणि कोल्हापूरला काकांकडं पत्ता दाखवून महाराष्ट्रातनं करता येईल असं एकानं सांगितलं, पण आधार, रेशनकार्ड सगळं इकडचं, खोटा पत्ता द्यायचा नाहीये आम्हाला. सोमवारी मी स्वतः बाबांसोबत जाणार आहे, त्याआधी सांगा प्लीज.