भिंतीतला पाइप गळतो आहे. खर्च घरमालकाचा की आमचा?

प्रश्न
नमस्कार. आम्ही पुण्यातील एका जुन्या सोसायटीत अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर राहतो. न्हाणीघराच्या भिंतीतला पाइप गळत असून खालच्या घराच्या छताला ओल आली आहे, आणि तेथील काकांची तक्रार अगदी रास्त आहे. आतला जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप गंजला असून टाइल्स फोडून तो बदलावा लागेल, असे प्लंबरचे म्हणणे आहे. करारात ‘किरकोळ दुरुस्ती परवानाधारकाने (म्हणजे आम्ही) स्वखर्चाने करावी’ एवढेच लिहिलेले आहे. त्यावर बोट ठेवून घरमालक सगळा खर्च डिपॉझिटमधून कापणार म्हणतात. हे योग्य आहे का?

उत्तर १
माझ्या मते नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार, करारात वेगळे ठरलेले नसल्यास, जागा राहण्यायोग्य स्थितीत ठेवणे हे घरमालकाचे कर्तव्य आहे. नोटीस देऊनही त्याने किमान पंधरा दिवसांच्या वाजवी मुदतीत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती करून घेऊन खर्च भाड्यातून वळता करू शकतो, मात्र ही रक्कम वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक असता कामा नये. पण लिव्ह अँड लायसन्सवर राहणारी व्यक्ती या कायद्याच्या अर्थाने भाडेकरू ठरत नाही, त्यामुळे या कलमाच्या भरवशावर परस्पर भाडे कापू नका. तुमचा खरा आधार करारातील शब्दच आहेत, आणि भिंत फोडून पाइप बदलण्याला किरकोळ दुरुस्ती म्हणणे कोणत्याही अंगाने पटणारे नाही. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्यातही नळाचे वॉशर बदलणे व ड्रेनेज साफ करणे भाडेकरूकडे, तर पाइप बदलणे मालकाकडे दिले आहे; तो नमुना महाराष्ट्रात बंधनकारक नसला तरी बोलणी करताना दाखवण्यासारखा नक्कीच आहे.

उत्तर २
मी स्वतः घरमालक आहे आणि वरील मताशी सहमत आहे. पाइप माझ्या मालमत्तेचा भाग आहे आणि भाडेकरू घर सोडून गेल्यावरही तो माझ्याच भिंतीत राहणार आहे. मात्र गळती दिसूनही भाडेकरूने वेळेवर कळवले नाही आणि त्यामुळे नुकसान वाढले, तर वाढीव खर्चाची जबाबदारी त्याच्यावर येऊ शकते, म्हणून फोनवर न थांबता आजच फोटोंसह ईमेल पाठवा. सोसायटीलाही कळवा, कारण इमारतीच्या बाहेरील सामाईक पाइपची गळती असेल, तर गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नमुना नियमावलीप्रमाणे) ती दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने व्हायला हवी.

उत्तर ३
टाइल्स फोडण्याआधी गळती कुठली आहे याची खात्री करून घ्या. न्हाणीघराचा मुख्य कॉक दोन-तीन दिवस बंद ठेवा आणि त्या काळात लादीवर बादलीने पाणी ओतून पाहा. कॉक बंद असूनही खाली ओल वाढत राहिली, तर दोष नहाणी ट्रॅपचा (लादीतील सांडपाणी जाण्याच्या जाळीखालच्या भागाचा) किंवा टाइल्सच्या सांध्यांचा असण्याची शक्यता अधिक. ओल हळूहळू सुकू लागली, तर संशय पाण्याच्या पाइपवर घ्यावा. दोन्ही कामे मालकाचीच आहेत, पण खर्चात मोठा फरक पडतो. प्लंबरकडून कारण लिहिलेले अंदाजपत्रक घ्या आणि ते ईमेलसोबत जोडा, म्हणजे डिपॉझिट परत घेताना ‘तुम्हीच नळ पिरगाळून तोडलात’ असा आरोप झाल्यास तुमच्या हातात लेखी उत्तर राहील.