मदत हवी आहे: टाचेला सुई टोचली तरी लेकरू रडलं नाही, सिस्टर म्हणतात स्कोअर २ आहे

वाळूज_शिफ्ट_बी
मंडळी कुणाला माहिती असेल तर लवकर सांगा. लेकरू पेटीत ठेवलंय आन रोज टाचेतून रक्त काढायलेत. आज मला आत सोडलं तेव्हाच नेमकं सिस्टरनी टोचलं, रक्त येईना म्हणून टाच दाबली बी, तरी लेकरू रडलंच नाही. तोंड जरासं वाकडं केलं, दोन्ही हात वर नेले, बोटं अशी ताणून फाकवली आन मग एकदम गप. मी विचारलं तर म्हणल्या दुखत नाही त्याला, चार्टवर निप्स २ लिहिलंय बघा. हे निप्स काय असतं? कशापैकी २? रडलं नाही म्हणजे दुखलं नाही हे कसं काय ठरवतात? डॉक्टर राऊंडला येतात तेव्हा मी बाहेर असतो आन सासरे म्हणायलेत उगं प्रश्न विचारून त्यांना चिडवू नका. गुगल कर म्हणू नका, केलंय, सगळं इंग्रजीत आहे.

लेकुरवाळी
अहो दादा पण किती दिवसाचं बाळ, वजन किती, पेटीत कशामुळं ठेवलंय, काहीच लिहिलं नाही तुम्ही. आम्ही काय ज्योतिषी आहोत का.

मोसंबीवाला
कावीळ असणार. आमच्या पोराला जालन्यात निळ्या लाईटीत ठेवलं होतं, नंतर घरी आल्यावर कोवळ्या उन्हात धरायचो, एकदम ओके झालं. आता तिसरीला आहे आन गणितात हुशार आहे. घाबरू नका.

एसएनसीयू_ताई
निप्स म्हणजे नवजात बाळाचं दुखणं मोजायचा तक्ता. ६ गोष्टी बघतो आम्ही, चेहरा, रडणं, श्वास, हात, पाय आणि बाळ शांत आहे का चुळबूळ करतंय ते. रडण्याला २ पर्यंत, बाकी सगळ्याला १ पर्यंत, म्हणजे जास्तीत जास्त ७. ३ च्या वर गेलं की दुखतंय असं धरतो. तुम्ही सांगितलं त्यावरून चेहरा १, हात १, रडणं ०, असे २ बरोबरच होतात, सिस्टरनी खोटं काही लिहिलेलं नाही. पण मला हे सांगा, बाळ पूर्ण दिवसाचं आहे का आधी झालंय? नाकात नळी आहे का? आणि हा २ टोचतानाच लिहिला का सकाळच्या राऊंडचा आहे? बऱ्याच ठिकाणी बीपी तापासोबत स्कोअर भरून टाकतात तेव्हा बाळ झोपलेलं असतं.

वाळूज_शिफ्ट_बी
मुलगा आहे. तारखेच्या आधीच झालाय म्हणून तर पेटीत आहे ना ताई. नाकात नळी आहे, फुगे येतात पाण्यात त्याला जोडलेली.

एसएनसीयू_ताई
आधी म्हणजे किती आधी दादा? ३६ आठवडे आणि २८ आठवडे यात जमीन अस्मानाचा फरक असतो.

गोदाकाठची_आजी
बाबा रे सुई टोचायच्या आधी बोटाला मध लावून चाटव. आमच्या सगळ्या लेकरांना दिला, गंगाखेडला आमच्या वाड्यात एक बी लेकरू सुईला रडलं नाही.

डॉ_रात्रपाळी
आजी, हात जोडतो. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही. त्यातल्या जंतूंच्या बीजामुळे बोटुलिझम होतो, बाळ लुळं पडतं, श्वास अडकू शकतो. पेटीतल्या बाळाला तर घरून कुणी काहीच चाटवायचं नाही, घुटी नाही आणि ग्राईपवॉटरही नाही.
गोड दिल्यानं कळ कमी होते हे मात्र खरंय, म्हणून दवाखान्यात २४ टक्के साखरेचे थेंब जिभेवर देतात, साधारण २ मिनिटं आधी. ते किती द्यायचे ते आतले लोक ठरवतात.

वाळूज_शिफ्ट_बी
बायकोला विचारलं. ३० आठवडे. डोळ्यावर पट्टी पण आहे, लाईट चालू आहे, म्हणजे मोसंबीवाले बरोबर बोलले. आता तरी सांगा दुखतं का नाही.

मोसंबीवाला
बघा मी म्हणलं होतं.

डॉ_रात्रपाळी
ही पट्टीची गोष्ट पहिल्याच पोस्टमध्ये पाहिजे होती. नवजात बाळाचं दुखणं सगळ्यात जास्त कुठं दिसतं तर कपाळाला पडलेल्या आठीत, घट्ट मिटलेल्या डोळ्यात आणि नाकापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत जाणाऱ्या घडीत. तुमच्या लेकराचं कपाळ आणि डोळे पट्टीखाली, नाकावर नळी, गालावर चिकटपट्टी. मग चेहरा वाचणार कसा?
दुसरं, ३० आठवड्याच्या बाळात जोरात रडायला, पाय झाडायला ताकदच नसते. थोडी हालचाल करतं आणि दमून गप होतं. दुखतं त्यालाही, दाखवायची ताकद कमी. म्हणून अशा बाळांसाठी पिप नावाचा वेगळा तक्ता १९९६ पासून आहे, त्यात आठवडे जितके कमी तितके गुण आधीच धरतात, २८ ते ३१ ला २. शिवाय ठोके आणि ऑक्सिजन मोजतात. टोचताना मॉनिटरचे आकडे बघितले का?

वाळूज_शिफ्ट_बी
हिरवा आकडा १५० च्या आसपास होता तो १८० ला गेला आन टूं टूं वाजायलं. निळा ९३ चा ८७ झाला. सिस्टरनी बटन दाबून आवाज बंद केला.

डॉ_रात्रपाळी
हिरवा म्हणजे ठोके, निळा म्हणजे ऑक्सिजन. पिपमध्ये ठोके २५ च्या वर वाढले की ३, ऑक्सिजन ५ ते ७ नं उतरला की २, आणि आठवड्याचे २. चेहरा न बघताच ७ झाले. पिपमध्ये ६ पर्यंत कमी आणि १२ च्या वर जास्त धरतात, म्हणजे मधला तरी आहेच. दुखलं.

एसएनसीयू_ताई
डॉक्टर तुमचं बरोबर आहे पण एका सिस्टरकडं इतकी बाळं असताना हा तक्ता भरणार कोण? आधी १५ सेकंद बाळ बघा, टोचल्यावर अर्ध मिनिट चेहरा बघा, तोवर शेजारच्याचं सलाईन संपतं. निप्स पटकन होतो म्हणून वापरतो आम्ही. आणि खरं म्हणजे टाच टोचण्यापेक्षा शिरेतून काढलेलं कमी दुखतं.

डॉ_रात्रपाळी
ते पूर्ण दिवसाच्या बाळात, आणि काढणारा हात चांगला असला तर. ३० आठवड्याच्या बाळाच्या शिरा सलाईनसाठी राखून ठेवाव्या लागतात ताई, तुम्हाला मी काय सांगू.

एसएनसीयू_ताई
मग शिर शोधताना तुमचे नवीन रेसिडेंट (शिकाऊ डॉक्टर) जे चार ठिकाणी टोचतात त्याचा पिप काढा एकदा.

खवा_पेढा
बधिर करायचं मलम लावत नाहीत का टाचेला? आमच्या मॅडमनी नाक टोचायला लावलं होतं.

डॉ_रात्रपाळी
टाचेला त्या मलमाचा उपयोग होत नाही, बघून झालंय ते.

दख्खन_एक्का
हे सगळं वरवरचं आहे. नवजात बाळाला दुखत नाही असंच डॉक्टर लोक समजत होते आन भूल न देता ऑपरेशनं करायचे, मी वाचलंय. सरकारी दवाखान्यात अजून तेच चालतं. पुण्याला हलवा.

डॉ_रात्रपाळी
अर्ध खरंय. १९८० च्या दशकापर्यंत परदेशात सुद्धा लहान बाळांना नुसतं हालचाल बंद करायचं औषध देऊन, दुखणं थांबवणारं जवळपास काहीच न देता ऑपरेशन व्हायची. ते बदललं त्यात इंदूरला एमबीबीएस केलेल्या डॉ. कंवलजीत आनंद यांचा मोठा हात आहे. ऑक्सफर्डला असताना त्यांनी तारखेच्या आधी झालेल्या बाळांवर काम केलं, १९८७ ला लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात आलं, फेंटानिल हे दुखणं थांबवणारं औषध दिलेल्या बाळांच्या शरीरावर ताण कमी आला आणि ऑपरेशननंतरचे त्रासही कमी झाले. आता भूल न देता कुणी करत नाही, सरकारीत पण नाही. आणि नाकात नळी असलेलं बाळ ऊठसूट पुण्याला हलवत नसतात.

वाळूज_शिफ्ट_बी
मी हलवायचं विचारलं का? सरकारी का खाजगी ते पण मी सांगितलं नाही, तुम्हीच ठरवायलात. मला एवढंच सांगा उद्या काय बोलू आत जाऊन.

एसएनसीयू_ताई
भांडायला जाऊ नका, आकडे सांगा. हिरवा १८० ला गेला, निळा ८७ ला आला, बोटं फाकवली, हे असंच्या असं डॉक्टरांना सांगा. टोचायच्या आधी आईला बोलवा म्हणावं. डॉक्टर हो म्हणले तर आईच्या छातीवर घेऊन टोचता येतं, नाही तर आईचं काढलेलं दूध थेंबभर जिभेवर. तेही नाही जमलं तर आईनं हात स्वच्छ धुवून एक हात डोक्यावर, एका हातानं पाय पोटाशी गोळा करून धरायचे. पुष्कळ फरक पडतो, मी रोज बघते.
आणि एक महत्त्वाचं. एरवी रडतं का? डायपर बदलताना हालचाल करतं का? काल करत होतं आणि आज एकदम ढिलं पडलंय असं असेल तर तो दुखण्याचा विषय नाही, इन्फेक्शन असू शकतं, सकाळची वाट बघू नका, आत्ता जाऊन सांगा.

वाळूज_शिफ्ट_बी
बायको म्हणते डायपरला पाय झाडतो, बारीक आवाज पण काढतो. पट्टी काढून चेहरा बघा म्हणलं तर चालंल का? लाईटीचा डोळ्याला त्रास होईल का?

एसएनसीयू_ताई
पाय झाडतो ना, मग बरं आहे. कावीळीचं रक्त काढताना लाईट तशीही बंद करायची असते, तेवढ्या वेळात पट्टी वर सरकवायला सांगा आणि कपाळ बघा. तुम्ही स्वतः हात लावू नका.

खवा_पेढा
दादा जन्माची नोंद केली का? २१ दिवसाच्या आत फुकट होते, नंतर चकरा माराव्या लागतात. नाव नंतर टाकता येतं.