लक्षणे नसताना दरवर्षी मेंदूचा एमआरआय : कॅव्हर्नोमाच्या रुग्णांना त्याचा उपयोग काय?

धागाकर्ता :

डोकेदुखीसाठी किंवा डोक्याला मार लागला म्हणून एमआरआय काढला जातो आणि त्यात मूळ तक्रारीशी काहीही संबंध नसलेला कॅव्हर्नोमा सापडतो, असे आता वारंवार घडते. पातळ भिंतींच्या आणि अतिशय संथ प्रवाहाच्या रक्तवाहिन्यांचा हा पुंजका साधारण दोनशे माणसांमागे एकाच्या मेंदूत असतो, आणि त्यांतील बहुतेकांना आयुष्यभर त्याचा पत्ताही लागत नाही. पण एकदा सापडला की "दरवर्षी एक एमआरआय करून दाखवत जा" असे सांगितले जाते, आणि हा सल्ला कशासाठी, हे सहसा कोणी विचारत नाही.

माझे मत असे आहे की कॅव्हर्नोमा एकच असेल, ब्रेनस्टेमच्या (मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या देठाच्या) बाहेर असेल आणि त्याने कधी त्रास दिला नसेल, तर ठरावीक मुदतीने स्कॅन करणे थांबवावे. पुढच्या स्कॅनवर कोणता निर्णय अवलंबून आहे हे डॉक्टरांना सांगता येत असेल, तरच तो करावा.

याला आधार आहे. २०१६ साली 'लॅन्सेट न्यूरॉलॉजी'त १,६२० रुग्णांची माहिती एकत्र करून केलेले विश्लेषण प्रसिद्ध झाले. ब्रेनस्टेमबाहेर कॅव्हर्नोमा असलेल्या आणि सुरुवातीला रक्तस्राव किंवा हातापायांतील कमजोरीसारखी लक्षणे नसलेल्या रुग्णांत पाच वर्षांत रक्तस्राव होण्याचे प्रमाण ३.८ टक्के आढळले. याउलट कॅव्हर्नोमा ब्रेनस्टेममध्ये असून सुरुवातच अशा लक्षणांनी झालेली असेल, तर ते ३०.८ टक्के होते. धोका ठरवणाऱ्या या दोन्ही गोष्टी, म्हणजे जागा आणि पूर्वीचा रक्तस्राव, पहिल्याच तपासणीत कळलेल्या असतात. आठव्या किंवा नवव्या वर्षीचा स्कॅन त्यात काय भर घालणार? त्यात एखादा लहानसा जुना रक्तस्राव दिसला, तरी काहीही त्रास नसलेल्या माणसाच्या मेंदूवर केवळ तेवढ्यावरून शस्त्रक्रिया करायला बहुतेक सर्जन तयार होणार नाहीत. मग वाट्याला येते ती फक्त काळजी.

प्रतिसाद १ (रुग्णाचा भाऊ) :

आपले म्हणणे कॅव्हर्नोमापुरते खरे असेलही, पण ते ज्या सुरात मांडले आहे त्याची मला भीती वाटते. माझ्या बहिणीला एव्हीएम, म्हणजे धमन्या आणि शिरा थेट जोडल्या गेलेली गुंतवळ, आहे. तिथे धमनीतले रक्त मधल्या केशवाहिन्यांना वगळून थेट शिरेत उतरते, दाब मोठा असतो आणि रक्तस्रावाचा धोका दर वर्षाला साधारण २ ते ४ टक्के धरला जातो. तिच्यावर रेडिओसर्जरी (चीर न देता नेमक्या जागी किरण सोडण्याचा उपचार) झाली. किरणांनी ती गुंतवळ बंद व्हायला दोन-तीन वर्षे लागतात आणि तोवर रक्तस्रावाचा धोका टळलेला नसतो. बाहेरून काहीच कळत नाही, माणूस हिंडतो-फिरतो, कामावर जातो, आणि "आता बरी आहे, कशाला उगाच स्कॅन" हे वाक्य घरात हळूहळू रुळते. एव्हीएम खरोखर बंद झाली की नाही, हे अधूनमधून एमआरआय करून आणि शेवटी कॅथेटर (बारीक नळी) घालून केलेल्या अँजिओग्राफीतच, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या क्ष-किरण तपासणीतच, पक्के होते. लहान मुलांत तर पूर्ण काढलेली एव्हीएमही काही वर्षांनी पुन्हा उद्भवल्याची उदाहरणे आहेत. "रक्तवाहिन्यांचा दोष" एवढेच लक्षात राहिलेला माणूस आपला धागा वाचून पुढची तारीख रद्द करील.

धागाकर्ता :

आपली भीती रास्त आहे, म्हणून स्पष्ट लिहितो : एव्हीएमच्या रुग्णाने, विशेषतः रेडिओसर्जरीनंतर, एकही तपासणी चुकवू नये. तिथे प्रत्येक स्कॅनला ठरलेला प्रश्न असतो, तो म्हणजे वाहिन्या बंद झाल्या का. माझी कसोटीही तीच आहे. घरात अनेकांना कॅव्हर्नोमा असलेल्या अनुवंशिक प्रकारालाही मी माझ्या विधानातून वगळतो, कारण तिथे नवे कॅव्हर्नोमा तयार होत राहतात.

प्रतिसाद २ (रेडिओलॉजिस्ट) :

रिपोर्ट लिहिणाऱ्याच्या बाजूने एक गोष्ट सांगतो, कारण या वादात ती नेहमी राहून जाते. पाठपुराव्याचे दोन स्कॅन समोर ठेवल्यावर मी आधी गाठ पाहत नाही. यंत्र कोणते आणि सिक्वेन्स (चित्र काढण्याची पद्धत) कोणता ते पाहतो. कॅव्हर्नोमाभोवती जुन्या रक्तातले लोह साठलेले असते. एसडब्ल्यूआय या, लोह अगदी सहज टिपणाऱ्या सिक्वेन्समध्ये ते लोह आपल्या खऱ्या आकारापेक्षा बरेच मोठे, काळेभोर दिसते, आणि ३ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचे माप) यंत्रावर आणखी मोठे. गेल्या वर्षीची तपासणी १.५ टेस्लावर साध्या ग्रेडियंट एको सिक्वेन्सने झाली असेल आणि यंदाची ३ टेस्लावर एसडब्ल्यूआयने, तर काहीही न बदलता तीच गाठ ५ मिलिमीटरची ८ मिलिमीटर मोजली जाऊ शकते. त्याहून वाईट म्हणजे पूर्वी न दिसलेले दोन-तीन ठिपके "नवीन" म्हणून रिपोर्टात येतात आणि घरच्यांची झोप उडते. आकार टी-टू या दुसऱ्या सिक्वेन्सच्या चित्रांवर मोजावा, काळ्या सावलीवर नव्हे.

म्हणजे दरवर्षी वेगवेगळ्या केंद्रांत केलेले स्कॅन निरुपयोगीच नव्हे, तर दिशाभूल करणारेही ठरतात. या पाठपुराव्याला दर वेळी गॅडोलिनियमचे (चित्र उठावदार करणाऱ्या औषधाचे) इंजेक्शनही लागत नाही, आणि ते उगीच देऊ नये असे माझे ठाम मत आहे. गॅडोलिनियमचे अंश मेंदूत साचून राहतात हे लक्षात आल्यावर २०१७ मध्ये युरोपात त्यांतल्या लिनियर प्रकारच्या अनेक औषधांचा वापर थांबवला गेला.

तरीही धागाकर्त्यांशी मी पूर्ण सहमत नाही. पहिल्या वेळी ताजा रक्तस्राव असेल, तर गुठळीखाली नेमके काय दडले आहे ते दिसत नाही. तो कॅव्हर्नोमा असेल, लहान एव्हीएम असेल किंवा रक्तस्राव झालेली कर्करोगाची गाठही असेल. रक्त विरल्यावर पुन्हा स्कॅन केलाच पाहिजे. हा अपवाद नव्हे, निदानाचाच उरलेला भाग आहे.

प्रतिसाद ३ (रुग्ण) :

मी ३.८ टक्क्यांच्या गटातली आहे. हा आकडा शून्य नाही, आणि तो पाच वर्षांचा आहे. माझ्यापुढे, आशा आहे, त्याहून पुष्कळ वर्षे आहेत. पण माझा खरा आक्षेप आकड्यांवर नाही. वार्षिक स्कॅन हाच माझा डॉक्टरांशी उरलेला दुवा आहे. स्कॅनची तारीख असते म्हणून भेट ठरते, भेट ठरते म्हणून गेल्या वर्षभरात हाताला मुंग्या आल्या होत्या हे कोणीतरी विचारते. स्कॅन बंद केला की फाइल बंद होते. आपण "काळजी वाट्याला येते" असे लिहिले आहे. काळजी स्कॅनमुळे येत नाही, ती निदानाच्या दिवशीच आलेली असते.

धागाकर्ता :

आपला मुद्दा मी गंभीरपणे घेतो. भेट चालूच राहावी, तिला स्कॅनची अट नसावी. उलट, माझ्या मते स्कॅनची खरी निकड नवे लक्षण उद्भवते तेव्हा असते : अचानक कमजोरी, दुहेरी दिसणे, पहिली आकडी, वेगळ्याच प्रकारची तीव्र डोकेदुखी. रक्तस्रावाचा संशय आल्यास सीटी आठवड्याच्या आत आणि एमआरआय दोन आठवड्यांच्या आत व्हावा असे मानले जाते, कारण ताज्या रक्ताची खूण पुढे पुसट होत जाते. वार्षिक तारखेवर विसंबलेला रुग्ण अशा वेळी "पुढच्या महिन्यात स्कॅन आहेच" म्हणून थांबतो, आणि मग उशिरा काढलेल्या चित्रांवरून तो रक्तस्राव होता की नव्हता हे कोणालाच ठामपणे सांगता येत नाही.

प्रतिसाद ३ (रुग्ण) :

तसे असेल तर ती लक्षणे, दोन आठवड्यांची मुदत, कोणत्या सिक्वेन्सचा स्कॅन हवा आणि रात्री-अपरात्री कोणाशी संपर्क साधायचा, हे सगळे एका कागदावर लिहून रुग्णाच्या हातात पडले पाहिजे. मला आजवर असा कागद कोणी दिलेला नाही; दिली आहे ती फक्त पुढच्या स्कॅनची तारीख. तो कागद मिळेपर्यंत ही तारीख मी सोडणार नाही.