अनुभव धागा: एम.एस्सी.साठी पुणे, मुंबई की कोल्हापूर? मोठ्या विद्यापीठांत शिकलेल्यांनी लिहा

माझी भाची बी.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे पुणे, मुंबई की कोल्हापूर यावर काल घरात रात्री उशिरापर्यंत चर्चा चालली होती आणि मला पुणे विद्यापीठातले, गणेशखिंडीतले दिवस आठवले. सकाळी जयकर ग्रंथालयात जागा धरायला पळायचं, दुपारी अनिकेत कॅन्टीनचा चहा. आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था आवारातच. तिथल्या व्याख्यानांना मागे बसायचो, अर्धं डोक्यावरून जायचं, पण जयंत नारळीकरांना समोर बसून ऐकलं. रँकिंगच्या कुठल्या तक्त्यात हे येतं?

माझं ठाम मत आहे की रँकिंग अख्ख्या विद्यापीठाचं असतं आणि आपण दोन वर्षं काढतो एका विभागात. तिथे प्राध्यापकांच्या किती जागा भरलेल्या आहेत, लॅबमधली यंत्रं चालतात का, ते आधी बघावं. आणि विद्यापीठाचा विभाग वेगळा, संलग्न कॉलेज वेगळं. पदवी एकाच विद्यापीठाची मिळाली तरी शिकणं एक नसतं. लिहा भरभरून, तिला हा धागाच वाचायला देणार आहे.

मुलुंडकर
कलिना. राहायला मुंबईत कोणी असेल तरच विचार कर म्हणावं. बाहेरगावच्यांना मुंबई विद्यापीठ म्हटलं की फोर्टचा राजाबाई टॉवर दिसतो, पण फिजिक्स, केमिस्ट्री सगळं कलिन्याला. मी कुर्ल्याला उतरून बस पकडायचो. पावसाळ्यात प्रॅक्टिकलला वेळेवर पोचलो की जिंकल्यासारखं वाटायचं. पण टीआयएफआर, बीएआरसीसारख्या मोठ्या संशोधन संस्था याच शहरात. व्याख्यानं ऐकायला जाता येतं, ओळखी होतात. हा फायदा मोठा आहे.

करवीरकन्या
शिवाजी विद्यापीठ!!! ८५३ एकरांचा परिसर, मोर फिरतात, तळी आहेत. विदर्भातल्या मैत्रिणी सुट्टीतसुद्धा घरी जायला तयार नसायच्या.
खरं सांगू का, आमची गडहिंग्लजकडे थोडी शेती. पुण्याची कॉट बेसिस न् मेस वडिलांना झेपली नसती. माझा भाऊ 'कमवा आणि शिका'मध्ये होता. सकाळी काम, मग लेक्चर, संध्याकाळी खर्डेकर ग्रंथालय. आज तो स्वतः प्राध्यापक आहे. कोणी 'कोल्हापूर? एवढ्या लांब?' म्हणालं की मला राग येतो.

अजिंठा_एक्सप्रेस
मराठवाड्याचं नाव कोणीच घेतलं नाही म्हणून लिहितोय. आमचं विद्यापीठ १९५८चं, मागे डोंगरात लेणी, सोनेरी महाल हाकेच्या अंतरावर. १४ जानेवारीला नामविस्तार दिनी, म्हणजे विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव मिळालं त्या दिवशी, गेटसमोर गर्दी उसळते. वडील मला लहानपणी तिथे घेऊन यायचे. त्याच गेटमधून अ‍ॅडमिशनची फाइल घेऊन आत गेलो तेव्हा ते बाहेरच थांबले, रडत होते. हा निकष कुठे मोजायचा माहीत नाही, पण माझ्यासाठी हाच होता.

मुलुंडकर
@अजिंठा_एक्सप्रेस वाचून डोळे भरले हो.

पेडणेकर
थोडं अवांतर. गोवा विद्यापीठ १९८५चं, त्याआधी आमच्याकडची कॉलेजं मुंबईला संलग्न. बाबांच्या पदवीवर मुंबई विद्यापीठ आहे, ती फ्रेम करून हॉलमध्ये लावलीय. मी ताळगावच्या पठारावर शिकलो. वर्ग लहान होते, सर सगळ्यांना नावाने ओळखायचे. भाचीला गोवापण सुचवा.

शीतल_नाशिक
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. नाशिक, नगर पुणे विद्यापीठातच येतात, त्यामुळे आम्हाला पुण्याला जाताना कागदपत्रांचा त्रास नव्हता. दुसऱ्या विद्यापीठातून येणाऱ्यांनी मायग्रेशन सर्टिफिकेटचा अर्ज निकाल लागल्या लागल्या करावा. माझ्या रूममेटचं एका विद्यापीठातून येईना, तिच्या आईने तीनतीनदा एसटीने चकरा मारल्या. मार्कशीटच्या झेरॉक्स साक्षांकित करून जास्तीच्या ठेवा.

डोंबिवली_फास्ट_नाही
अनिकेत कॅन्टीनचं नाव काढलंत! तिथे झाडाखाली बसून आम्ही प्राध्यापकीसाठीच्या सेट-नेट परीक्षांचे पेपर सोडवायचो.

धागाकर्ती
@डोंबिवली कुठली बॅच? मराठी विभागात कोणी ओळखीचं होतं का तुमच्या?

डोंबिवली_फास्ट_नाही
मी इतिहासवाला. बायको मराठी विभागातली 😊 ग्रंथालयातच ओळख झाली.

करवीरकन्या
अरे वा! मग यांना तर पुणेच पहिलं.

विदर्भवासी
एक मुद्दा राहिला. जाऊन बघा. वेबसाइटवर सगळे विभाग सारखेच दिसतात. मी नागपूरहून रात्रीच्या गाडीने येऊन तीन विभाग पाहिले होते. एका ठिकाणी एम.एस्सी.चीच मुलं पुढे आली, त्यांनी लॅब दाखवली, कुठले सर डाउट घेतात तेही सांगितलं. दुसरीकडे दुपारी लॅबला कुलूप होतं, विचारायला कोणी नाही. माझा निर्णय तिथेच झाला. सीनियर मुलांना विचारा, तेच खरं सांगतात.

धागाकर्ती
@विदर्भवासी हे फार पटलं. येत्या शनिवारी कोल्हापूरला निघतोय आम्ही. @करवीरकन्या मुलींच्या होस्टेलबद्दल विचारायचंय, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

करवीरकन्या
बघितला गं. आत्ता भाकऱ्या थापतेय, नऊनंतर फोन करते. जेवायला आमच्याकडेच या.