वाइल्ड थिंग्जमधली चित्रं मोठी का होत जातात?

मुलीला 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' हे चित्रपुस्तक वाचून दाखवतेय, सुरुवातीला चित्रं एवढीशी नि भोवती नुसती पांढरी जागा, मग पान उलटलं की मोठी मोठी होत जातात, हे मुद्दाम केलंय का?

हो मुद्दामच! गोष्टीतल्या मॅक्स या मुलाच्या खोलीत जंगल वाढतं तसं चित्र पसरत जातं आणि मॅक्स नि राक्षसांच्या धिंगाण्याची तीन जोडपानं तर बिनशब्दांची, लेखक-चित्रकार मॉरिस सेंडाकने १९६३ मध्ये केवढा विचार केलाय!

राक्षसांच्या अंगावरच्या बारीक एकमेकींना छेदणाऱ्या पेनाच्या रेघा बघा, खाली फिके जलरंग. म्हणूनच ते भीतीदायक असून मायाळू वाटतात मला.

ताई, शेवटचं पान बघितलंत? चित्रच नाही, मॅक्सचं जेवण अजून गरम होतं एवढंच. मी दर वेळी तिथे थांबते.